उतरताना घेतलेली छायाचित्रे

१

आकाशातून पेटी उतरली की मला फोन येतो. गेली नऊ वर्षे हे असे चालले आहे आणि त्यात गूढ काही नाही. हैदराबादच्या बाजूने पहाटे बलून सोडतात. तलम प्लास्टिकचा, वर जाऊन पुरता फुगला की शाळेच्या इमारतीएवढा. तीस-एकतीस किलोमीटर उंचीवर तो दोन-तीन तास तरंगतो. मग खालून संदेश पाठवून दोर तोडतात आणि उपकरणांची पेटी पॅराशूटला लटकून वारा नेईल तिथे उतरते. वारा तिला पुष्कळदा आमच्याकडे आणतो. राजुरा, गोंडपिपरी, पोंभुर्णा, कधी वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतही. मी चंद्रपुरात राहतो, जन्मभर वरच्या हवेचा अभ्यास केला आहे आणि निवृत्तीनंतर मला दुसरे काम नाही. म्हणून पेटी आणायला मी जातो.

पेटीवर चार भाषांत सूचना असते. मराठीतली मी लिहिलेली आहे. 'ही वैज्ञानिक उपकरणे आहेत. यांपासून धोका नाही. हात लावू नये. जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे.' लोक ती पाळतात. नऊ वर्षांत एकदाच पॅराशूटचे कापड गेले, आणि महिन्याभराने ते मला एका लग्नाच्या मांडवावर दिसले. मी जेवून परत आलो.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. झोपेची गोळी लागते. पत्नी गेल्यापासून घरात एकटा असतो. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना ज्याला हवे त्याने या गोष्टी धरून चालाव्यात. मी स्वतः धरल्या आहेत.

२

एप्रिलचा पहिला आठवडा होता. सकाळी अकराला हर्षाचा फोन आला. हर्षा माझी विद्यार्थिनी, आता हैदराबादच्या गटात आहे. वरच्या हवेतली धूळ मोजणारे तिचे उपकरण त्या दिवशी उडाले होते.

"सर, अलगद उतरलंय. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला. उन्हात फार वेळ राहू देऊ नका."

जीप इतवारी चालवतो. पन्नाशीचा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. "तुमची पोरगी तं आज लय हुशार निघाली, सर," तो म्हणाला. "पेटी रस्त्यापाशीच उतरवली. मांगच्या बारीले नाल्यात उतरवली होती, माह्या कमरेचे टाके ढिल्ले झाले."

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. पंचवीस-तीस घरे, मागे लगेच राखीव जंगल. गाव आणि जंगल यांच्यामध्ये मोहाची आठ-दहा झाडे आहेत, त्यांच्या पलीकडच्या पडीत जमिनीवर पेटी कुशीवर पडलेली होती. लोक लांब उभे होते. कुणी हात लावला नव्हता. हवालदार सावलीत बसून पेटीकडे पाहत होता.

मी नेहमीप्रमाणे आधी सगळीकडून छायाचित्रे घेतली, मग पॅराशूट शोधू लागलो. पॅराशूट एक तर झाडात अडकते, नाहीतर वाऱ्याने पसरून काट्यांत गुंतते. ते सोडवण्यातच आमचा तास जातो. त्या दिवशी ते पेटीपासून दहा पावलांवर होते. घडी करून ठेवलेले. लांबट चौकोनी घडी, दोन्ही टोके आत घेतलेली, फक्त एक कोपरा धरायला बाहेर सोडलेला. वर दगड.

"घडी कुणी केली?" मी विचारले.

 मग एक म्हातारा म्हणाला, "आमी नाई शिवलो, सायेब. आमी आलो तवाच अशी होती."

"तुमच्या आधी कोण आलं होतं?"

"कोनी नाई. पेटी पडतानाच पाह्यली ना आमी. गावातूनच."

मी म्हटले, ठीक आहे. चांगले काम केले की माणसे कधी कधी नाकारतात, साहेब काय म्हणेल या भीतीने. इतवारीने मात्र घडी उचलण्याआधी थोडा वेळ घेतला. "हे तं मोहाचं कापड ठेवल्यावानी ठेवलं," तो म्हणाला. मोहाखाली फुले पडायच्या वेळी इकडे जुनी लुगडी अंथरतात, आणि फुले वेचून झाली की कापडाची अशीच घडी करून झाडाच्या बुंध्याशी दगडाखाली ठेवतात, दुसऱ्या पहाटेसाठी. हे मलाही माहीत होते.

३

पेटी जीपमध्ये चढवली तेव्हा एक बाई पुढे आली. पस्तिशीची असेल. बाकीच्यांनी तिला वाट दिली. ज्या घरात काही घडलेले असते तिथल्या माणसाला देतात तशी.

"सायेब, ह्याच्यात फोटो निघते म्हनते. खरं आहे?"

"निघतो. खालचा. दर अर्ध्या मिनिटाला एक."

"वरून सारं दिसते?"

मी सांगायला हवे होते की नाही दिसत, बाई. एकतीस किलोमीटरवरून वैनगंगा दोऱ्याएवढी दिसते, माणूस कुठला. पण मी म्हणालो, "बरंच दिसतं."

तिचे नाव सोमारी. तिचा नवरा लालसू सतरा दिवसांपूर्वी पहाटे मोह वेचायला गेला तो परत आला नव्हता. वनखात्याने चार दिवस शोधले. अर्धी भरलेली टोपली सापडली. रक्त नाही, कापड नाही, ओढत नेल्याची खूण नाही. वाघाने नेले तर काहीतरी मागे ठेवतो, असे सगळे म्हणत होते.

"जिता आहे म्हनू का मेला म्हनू, कोनी सांगत नाई," ती म्हणाली. "मेला म्हनलं तं माती कशाची देऊ? जिता म्हनलं तं येत काऊन नाई?" मग जीपमधल्या घडीकडे बोट करून हळू बोलली, "ते टोक बाहेर आहे ना. तसं गावात सारे नाई ठेवत. सारे आत खुपसते."

 ज्याला काही सुचत नाही तो शब्द देऊन मोकळा होतो. मी म्हणालो, "सगळे फोटो पाहीन मी. काही दिसलं तर येऊन सांगेन."

"न दिसलं तरी येजा," ती म्हणाली.

४

पेटीतल्या कॅमेऱ्याचे कार्ड काढून त्याची प्रत हर्षाला पाठवायची, एवढेच माझे काम असते. छायाचित्रे मी एरवी पाहत नाही. या वेळी शब्द दिला होता.

घराच्या मागच्या खोलीत संगणक आहे. बाहेर बेचाळीस अंश होते, खिडक्या बंद, फक्त कूलरचा आवाज. त्या आवाजात एक ठोका आहे, पंख्याची पाती कुठेतरी घासते. कधीतरी दुरुस्त करायचा म्हणून राहिलेला. पेटी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवण करून दुपारी दोनला बसलो आणि वर जाताना टिपलेल्या छायाचित्रांच्या चौकटींपासून सुरुवात केली. रस्ते, तळी, कोळशाच्या खाणींचे काळे डाग, मग धुरकट तपकिरी पसारा, मग पृथ्वीची वळलेली कड. साडेचारशेहून अधिक चौकटी. काही नव्हते.

दोर तुटल्यानंतरच्या दुसऱ्या चौकटीत एक ठिपका होता.

मी भिंग आणले, मग स्वतःवरच हसलो, कारण संगणकावर चित्र मोठे करता येते. मोठे केले. फिकट गोल, त्याच्या दोन्ही बाजूंना गडद आडवी पट्टी. माणसाकडे थेट वरून पाहिले तर डोके आणि खांदे असे दिसतात. डोक्यावर फडके गुंडाळले असेल तर अगदी असेच.

मी तिथेच थांबायला हवे होते. एकतीस किलोमीटरवरून टिपलेल्या चित्रात माणसाच्या आकाराचे काही दिसते असे वाटणे ही चित्राची नव्हे, पाहणाऱ्याची गोष्ट असते. हेच वाक्य मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो.

तरी मी पुढची चौकट उघडली. तिच्यातही तो होता. तिच्या पुढचीतही.

५

मी कागद घेतला आणि शक्यता लिहून काढल्या.

भिंगावर धूळ किंवा थेंब. तसे असते तर ठिपका प्रत्येक चौकटीत एकाच जागी असता. पॅराशूटखाली पेटी गोल फिरते, चौकटीत खालची जमीन फिरताना दिसते. ठिपका जमिनीबरोबर फिरत होता. म्हणजे तो भिंगावर नव्हता.

जमिनीवरचे काहीतरी. झोपडी, खडक. तसे असते तर पेटी खाली येईल तसा तो वाढत गेला असता. एकतीस किलोमीटरवर चाळीस बिंदूंचा ठिपका, दहा किलोमीटरवरही चाळीस बिंदूंचा, एक किलोमीटरवरही. म्हणजे तो जमिनीवरही नव्हता.

उरते ते एवढेच, की तो पेटीच्या खाली, सतत एकाच अंतरावर होता. मी गणित केले. खांदे दीड फुटाचे धरले तर अंतर चाळीस ते पंचेचाळीस मीटर येते. वर हवा फार विरळ असते, त्यामुळे पहिली काही मिनिटे पॅराशूट असून नसल्यासारखे असते आणि पेटी दगडासारखी पडते. तोही तेवढ्याच वेगाने पडत होता. हवा दाट झाल्यावर पेटी सावकाश झाली. तोही झाला. त्याला पॅराशूट नव्हते.

गणित तीनदा केले. उत्तर तेच आले. बरोबर उत्तराने माणसाला इतके एकटे वाटू शकते हे मला ठाऊक नव्हते.

संध्याकाळी एक चौकट हर्षाला पाठवली. ठिपक्याविषयी काही न सांगता विचारले, 'यात काही वेगळे दिसते का?' तासाभराने तिचा फोन आला.

"सर, कुठे पाहायचंय?"

"उजवीकडे, वरच्या बाजूला."

बटणांचा आवाज आला. "जंगल आहे. बाकी काही नाही, सर."

"नीट मोठं करून पाहिलंस?"

"पाहिलं ना." मग आवाज मऊ करून, आजारी माणसाशी बोलावे तसे, "सर, डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलंय? मी येऊ का दोन दिवस?"

नको म्हणालो. खरे सांगायचे तर मला हायसेच वाटले. माझे डोळे बिघडले असतील तर त्यावर इलाज होता.

६

पुढच्या दिवशी मी उरलेल्या चौकटी पाहिल्या. आपला डोळा चुकतो आहे हे सिद्ध करायला, बाकी कशासाठी नाही.

जमिनीच्या आधीची शेवटची चौकट सत्तर मीटरवरची आहे. मोहाची झाडे ओळखू येतात. तो झाडांच्या शेंड्यांच्या थोडा वर आहे. सबंध उतरणीत पहिल्यांदाच डोक्याच्या जागचा गोल मला वेगळा दिसला. अधिक फिकट, लांबोडका, त्यात काळसर खळगे. फडक्याचा वरचा भाग दिसायला हवा तिथे तसे दिसत नव्हते. माणसाने मान मागे टाकून वर पाहिले की असे दिसेल. मी ती चौकट लगेच बंद केली आणि पुन्हा उघडलेली नाही.

पुढची चौकट जमिनीवरची. पेटी कुशीवर पडल्यामुळे कॅमेरा आडवा झाला आहे. गवत, मोहाचे दोन बुंधे, आणि उजव्या कडेला विस्कटलेले पॅराशूट, वाऱ्याने अर्धवट फुगलेले. माणूस कुणी नाही.

त्याच्या पुढची, तीस सेकंदांनंतरची. तेच गवत, तेच बुंधे. पॅराशूटची घडी झालेली आहे. वर दगड आहे. माणूस कुणी नाही.

त्या कापडाची घडी करायला मला आणि इतवारीला वीस मिनिटे लागतात.

पुढच्या सगळ्या चौकटी पाहिल्या, गावकरी येऊन लांब उभे राहतात तिथपर्यंत. म्हातारा खरे बोलत होता. कूलरचा ठोका थांबला होता. वीज गेलेली होती की मीच तो बंद केला होता, आठवत नाही. संगणक चालू होता, त्याला बॅटरी आहे. खोलीतल्या शांततेत मी बराच वेळ दाराकडे तोंड करून बसलो.

७

तिसऱ्या दिवशी एका दुकानातून एक चौकट मोठ्या कागदावर छापून घेतली. बारा किलोमीटरवरची, सगळ्यांत स्पष्ट. ठिपक्याभोवती लाल पेनने वर्तुळ काढले. आम्ही संस्थेत तसेच करत असू, पाहणाऱ्याला शोधत बसावे लागू नये म्हणून.

मी का गेलो? शब्द दिला होता म्हणून, असे मी वाटेत इतवारीला सांगितले. पण मला हवे होते ते वेगळेच. हर्षाला दिसले नाही. सोमारीलाही दिसले नाही, तर मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईन, आणि तिला सांगेन की बाई, काही दिसले नाही, आता माती द्या. एका बाईच्या सतरा दिवसांचा, आता वीस दिवसांचा निकाल मी माझ्या मोतीबिंदूवर टाकायला निघालो होतो. हे मला तेव्हाही कळत होते.

दुपारचे चार वाजले होते. इतवारी रस्त्यावरच थांबला. "माह्यं का काम आहे तिथी," म्हणाला. सोमारीच्या अंगणात मोहाची फुले वाळत घातली होती, त्यांचा आंबूस गोड वास दाटला होता. तिने मला बाजेवर बसवले, पाणी दिले आणि समोर उकिडवी बसली.

"दिसला?"

"मला माहीत नाही, बाई. एक डाग आहे. डागच असावा. माझे डोळे अधू आहेत. तुम्ही पाहा आणि खरं ते सांगा, मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

तिने कागद हातात घेतला, लांब धरला, मग उलटा केला. वरून पाहिलेले जग तिने कधी पाहिलेले नसणार. मी काही समजावले नाही. तिचे बोट लाल वर्तुळापाशी आले आणि थांबले.

"हा लालसू नाई."

माझ्या छातीवरचे ओझे असे उतरले की डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे डागच. मी म्हटलंच होतं."

"डाग काऊन? मानूसच आहे हा. पन आपल्या गावचा नाई." तिचे बोट वर्तुळातून निघाले, हळूहळू कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकले, जिथे तीन दिवस मला करड्या हिरव्या रंगाशिवाय काही दिसले नव्हते. "लालसू हा."

मी वाकून पाहिले. तिच्या नखाच्या टोकाशी फिकट गोल होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी पट्टी. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली.

"झाडावरून पडला होता लहानपनी," ती म्हणाली. "तवापासून तो खांदा उतरला." तिचे बोट थांबले नाही. "ही बाई दिसते. हा म्हातारा. अन् हे..." मग तिने माझ्याकडे पाहिले, कीव आल्यासारखे. "लय जन आहेत, सायेब. तुमाले एकच दिसला?"

मी चष्मा काढला. कागद पुन्हा पाहायचा नाही म्हणून काढला.

 मग तिने विचारले, "हे वर जाऊन राह्यले का खाली येऊन राह्यले?"

खोटे बोलायला तेवढाच क्षण होता. वर, असे म्हणालो असतो तर तिने माती दिली असती, रडली असती, आणि वर्षभराने तिचे दिवस कसेबसे सरळ झाले असते. पण तिने मला सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मला येत होते.

"खाली," मी म्हणालो.

"सारे?"

"सगळे पेटीबरोबर उतरत होते. शेवटपर्यंत."

ती उठली. फुले एका कडेला लोटून तिने दारापर्यंत वाट मोकळी केली, आत जाऊन पाण्याची बादली आणली आणि उंबऱ्याबाहेर ठेवली. घाई नव्हती त्यात. कागद तिने परत दिला नाही, मीही मागितला नाही.

"तुमी जा आता, भाऊ," ती म्हणाली. मला ती पहिल्यांदाच भाऊ म्हणाली होती. "आता तुमी नका थांबू."

८

अंगणाच्या कुंपणापासून जीपपर्यंत फार तर दीडशे पावले असतील. लख्ख ऊन होते. माझी सावली पुढे पडली होती आणि मी तिच्याकडेच पाहत चाललो होतो.

तीस-चाळीस पावलांवर असताना मागून बादलीत लोटा बुडाल्याचा आवाज आला. मग सोमारीचा आवाज. रडवेला नव्हता. घरचे माणूस उशिरा आले की त्याला बोलतात तसा.

"एवढे दिस कुठी होता तू?"

मी थांबलो. वळलो नाही. छायाचित्राशीच बोलत असेल, असे मनात म्हटले. एकटी माणसे बोलतात. मीही बोलतो, पत्नीच्या फोटोशी, चहा घेताना.

"पाय धू आधी."

तिच्या बोलण्यात मध्ये मध्ये जागा सुटत होत्या. एकेका उत्तराएवढ्या, कमी नाही, जास्त नाही. त्या जागांत मला काहीही ऐकू आले नाही. झाडावर पक्षीही नव्हता.

"नाई, कोनी नाई. पेटीवाले सायेब होते. गेले."

मी पुन्हा चालू लागलो. जीपपाशी इतवारी खर्रा मळत उभा होता, त्याचे माझ्याकडे लक्ष नव्हते. तेवढ्यात तिचा आवाज पुन्हा आला. या वेळी तो बदललेला होता, बारीक, दबका, घरात परका माणूस दिसल्यावर बाई हळूच नवऱ्याला विचारते तसा.

"अन् हे तुह्या संगं कोन आले?"